कल्याणच्या पुढचं लिनक्स

कल्याण सोडलं की मध्य रेल्वेच्या दोन वाटा होतात. एक कसाऱ्याकडे जाते, दुसरी कर्जतकडे. कर्जतच्या वाटेवर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी स्टेशनं लागतात आणि हे पुस्तक त्या स्टेशनांच्या आजूबाजूच्या घरांतल्या कम्प्युटरांबद्दल आहे. त्या घरांमध्ये लिनक्स कसं पोचलं, कुठलं टिकलं, कुठलं आठवड्याभरात पुसलं गेलं, आणि आज कुणाला ते टाकायचं असेल तर त्यानं हात कुठून घालावा, एवढाच विषय. या विषयावरचं बहुतेक लेखन असं धरून चालतं की वाचणाऱ्याकडे नवं मशीन आहे, नेट कधी जात नाही आणि अडलं तर शोधून वाचायला इंग्रजी आहे. आपल्याकडे यातलं एखादं असतं, तिन्ही क्वचितच.

आधी नवख्यांसाठी थोडं. मशीनच्या पोटात मेमरी, डिस्क, कीबोर्ड, स्क्रीन यांच्याकडून काम करून घेणारा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. लिनक्स हे नाव काटेकोरपणे त्या गाभ्याचं. फिनलंडमधल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानं ऑगस्ट १९९१ मध्ये आपण असं काही लिहितोय हे जाहीर केलं. पुढच्या वर्षी ते जीपीएल या परवान्याखाली आलं. म्हणजे कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं, पण बदललेलं वाटायचं तर तेही त्याच अटींवर. हा परवाना रिचर्ड स्टॉलमन यांच्या ग्नू प्रकल्पातून आलेला. तो प्रकल्प १९८३ पासूनचा, आणि गाभ्याभोवती लागणारी बरीचशी साधनं त्यानं आधीच तयार ठेवली होती. पण गाभा आणि साधनं वेगवेगळी हातात आली तर घरच्या माणसाला त्यांचा काही उपयोग नाही. ती निवडून, एकमेकांशी जुळवून, वर खिडक्या, मेनू, ब्राउझर, फॉन्ट चढवून, टाकायला सोपी अशी जी बांधणी मिळते तिला डिस्ट्रिब्युशन म्हणतात, बोलताना डिस्ट्रो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन ही सगळी त्या बांधण्यांची नावं. म्हणून ‘लिनक्स टाकायचंय’ असं कुणी म्हणालं की पुढचा प्रश्न ‘कुठलं?’ हाच येतो, आणि बहुतेकांचा उत्साह तिथेच बसतो.

सुरुवातीच्या बांधण्या १९९२-९३ च्या. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचं स्लॅकवेअर आणि इयन मर्डॉक यांचं डेबियन, दोन्ही १९९३ ची आणि दोन्ही अजून चालू. रेड हॅट त्यानंतर लगेचच. भारतात हे सगळं पोचलं ते इंटरनेटवरून नव्हे, मासिकातून. व्हीएसएनएलनं ऑगस्ट १९९५ मध्ये लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं खरं, पण त्यावरून अख्खी सिस्टीम उतरवून घेणं कुणाच्या आवाक्यात नव्हतं. १९९६ मध्ये ‘पीसीक्वेस्ट’ मासिकानं अंकासोबत स्लॅकवेअरची सीडी दिली आणि देशभर हजारो लोकांच्या हातात लिनक्स पहिल्यांदा पडलं. त्यामागे अतुल चिटणीस होते. जर्मनीत बालपण, बेळगावात इंजिनीअरिंग आणि मग बंगळूर असा त्यांचा प्रवास. २०१३ मध्ये ते गेले. भारतातल्या लिनक्सच्या इतिहासात त्यांचं नाव टाळून पुढे जाता येत नाही, हे त्यांच्याशी वाद घालणारेसुद्धा मान्य करतात.

त्या काळच्या गणिताकडे एकदा बघायला हवं. ५६ केबीपीएसचा डायल-अप मोडेम पूर्ण वेगानं चालला, जे कधीच होत नसे, तरी ६५० एमबीची एक सीडी उतरायला जवळजवळ २६ तास. फोनचं बिल तासावर. त्यात स्वस्त असेंबल्ड मशीनमध्ये बसवलेले मोडेम बहुतेक असे की त्यांचं निम्मं काम विंडोजचा ड्रायव्हर करायचा. लिनक्समध्ये ते मुके. म्हणजे सिस्टीम टाकली तरी नेटला जोडता येत नाही आणि का जोडता येत नाही हे शोधायला नेटच हवं. या कात्रीत कितीतरी जणांचं लिनक्स सुटलं. जे टिकले ते स्टेशनवरच्या व्हीलरच्या स्टॉलवर अवलंबून राहिले. ‘पीसीक्वेस्ट’, ‘चिप’, ‘डिजिट’, २००३ पासून ‘लिनक्स फॉर यू’. लेखापेक्षा पाकिटातल्या चकतीसाठी घेतलेली ही मासिकं. चकती एकानं घ्यायची आणि गाडीच्या डब्यातून, कॉलेजातून, क्लासमधून ती पाच-सहा घरं फिरायची. कुणाकडे कुठलं लिनक्स हे त्या महिन्यात मासिकानं काय दिलं यावर ठरायचं.

मग दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी झाल्या. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांनी उबुंटू काढलं, आणि जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं. उबुंटूवाले पत्ता कळवला की चकती पोस्टानं घरपोच पाठवायचे, टपालखर्चसुद्धा न घेता. ही योजना २०११ पर्यंत चालली. बीएसएनएलच्या काही प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ हा वेळ मोजणीतून वगळलेला असे. कल्याणपासून पुढचा हा सगळा पट्टा बीएसएनएलचा. ठाण्यापर्यंतच्या एमटीएनएलशी आपला संबंध नव्हता. २५६ केबीपीएसच्या वेगानं ७०० एमबी उतरायला साधारण सहा तास लागतात आणि दोन ते आठ हे बरोबर सहा तासच. एक रात्र, एक सीडी. दोनच्या ठोक्याला डाउनलोड सुरू व्हावं म्हणून लोक गजर लावत; पुढे वेळ लावून देणारे प्रोग्रॅम आले. पावणेआठला लाइन तुटली तर मात्र उरलेल्या सकाळी घरात कुणाशी धड बोलणं होत नसे.

आता गावांकडे येतो, कारण तीन गावांची प्रकृती तीन तऱ्हांची आहे आणि ती त्यांच्या कम्प्युटरांत दिसते.

उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभं केलेलं शहर. कल्याणची लष्करी छावणी निर्वासितांना दिली गेली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला तिचं उल्हासनगर झालं. पत्ते अजूनही कॅम्प एक ते कॅम्प पाच असेच सांगतात. गाव व्यापाराचं, फर्निचर, कापड, जीन्स, आणि कॅम्प दोनच्या शिरू चौकाच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्स. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद इतका जुना झालाय की तो आता उल्हासनगरवालेच जास्त सांगतात. त्या विनोदात एक गोष्ट दडून जाते, ती म्हणजे दुरुस्तीचं कसब. लॅमिंग्टन रोडवरून आणलेला माल इथे उघडला जातो, जोडला जातो, दोन मेलेल्या मशीनमधून एक जिवंत मशीन निघतं. अशा बाजारात लिनक्स फुकट आहे हे सांगून कुणावर छाप पडत नाही. विंडोजही इथे कुणी विकत घेत नव्हतं. ‘शेठ, विंडोज मारून देतो, ऑफिस मारून देतो, अँटिव्हायरस वरून फ्री’ हा दुकानातला ठरलेला पाठ. पैसे मारण्याचे, मालाचे नाहीत. परदेशात लिनक्सच्या प्रचाराचा निम्मा भाग किमतीवर उभा आहे. इथे तो मुद्दा पहिल्याच वाक्यात गळून पडतो. मग उल्हासनगरात ते घेतलं कोणी? पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसला कंटाळलेल्यांनी. दर तीन महिन्यांनी ‘फॉरमॅट मारायला’ मशीन उचलून नेणं ज्यांना नकोसं झालं त्यांनी. आणि दुरुस्ती करणाऱ्या पोरांनी स्वतःसाठी, कारण गिऱ्हाइकाची न उठणारी डिस्क वाचून त्यातला डेटा बाहेर काढायला लाइव्ह सीडीसारखं हत्यार नाही. क्लाउस क्नॉपर यांचं नॉपिक्स हे या पोरांच्या पाकिटातलं पहिलं लिनक्स. डिस्कला हात न लावता थेट सीडीवरून चालणारं. त्यांनी ते कधी ‘वापरलं’ असं म्हटलं नाही.

अंबरनाथ कारखान्यांचं. अकराव्या शतकातलं शिलाहारांचं शिवमंदिर एका अंगाला आणि ऑर्डनन्स फॅक्टरी, काडेपेट्यांची विम्को, एमआयडीसी दुसऱ्या अंगाला. इथल्या घरांत आयटीआय झालेले, मशीनशॉपमध्ये काम केलेले लोक भरपूर, आणि उघडून बघायची सवय त्यांच्याकडून पुढच्या पिढीत आली. बदलापूरचं निराळं. तिथे घर परवडतं म्हणून लोक गेले आणि रोज सीएसएमटीपर्यंतचे सुमारे ६८ किलोमीटर, नाहीतर ठाण्याला गाडी बदलून ऐरोली, असा प्रवास पत्करला. ऐरोलीच्या आयटी पार्कांत दिवसभर लिनक्सच्या सर्व्हरवर काम करणारा माणूस रात्री घरी तेच टाकून बघतो. बदलापुरात लिनक्स दुकानातून आलं नाही, नोकरीतून आलं, हे माझं निरीक्षण. त्यामुळे तिथल्या आवडीही ऑफिसच्या. रेड हॅटवर काम करणाऱ्याच्या घरी फेडोरा सापडणार.

तिन्ही गावांना जोडणारा धागा भारनियमनाचा. २००५ नंतरची काही वर्षं ज्यांनी इथे काढली त्यांना वेळापत्रक पाठ होतं. महावितरणची लाइट मध्येच गेली, यूपीएसची बॅटरी केव्हाच मेलेली, आणि पडदा काळा. जुन्या पद्धतीच्या फाइल सिस्टीममध्ये असं झालं की पुढच्या वेळी मशीन सगळी डिस्क तपासत बसे, आणि कधी कधी हाती फारसं काही लागत नसे. २००१ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात एक्सटी-थ्री आलं. डिस्कवर काही बदल करण्यापूर्वी आपण काय करणार आहोत याची नोंद ते आधी एका वहीत करतं; लाइट गेली तरी वही वाचून सावरता येतं. यालाच जर्नलिंग म्हणतात. पाठ्यपुस्तकात हा एक परिच्छेद असतो. अंबरनाथच्या चाळीत दिवसातून दोनदा लाइट जाताना मशीन तिसऱ्यांदाही निमूट चालू होतंय हे पाहिलेल्याला तो परिच्छेद वाचावा लागला नाही.

आता घराणी. डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत, पण मूळ घराणी थोडी. डेबियनचं घराणं सगळ्यात मोठं. उबुंटू त्यातून आलं आणि मिंट उबुंटूमधून. डेबियन कंपनीचं नाही, स्वयंसेवकांचं. त्याच्या आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या पात्रांची नावं असतात, आणि तयार झाल्याशिवाय त्या बाहेर पडत नाहीत. जुन्या, चाचपलेल्या गोष्टी देणारं म्हणून काहींना ते कंटाळवाणं वाटतं. घरच्या मशीनला कंटाळवाणेपणा हा गुण आहे असं माझं मत. रेड हॅटच्या घराण्यात २००३ पासून फेडोरा घरच्या लोकांसाठी. नव्या गोष्टी तिथे आधी येतात आणि साधारण वर्षभरात आवृत्ती बदलावी लागते. कंपनीच्या सावलीत राहण्याचे फायदे आहेत, पण सावली हलते. रेड हॅटवरच बेतलेलं सेंटओएस अनेक वर्षं डोळे झाकून वापरलं गेलं आणि त्याची आठवी आवृत्ती ठरल्यापेक्षा कितीतरी आधी, २०२१ च्या अखेरीस बंद करण्यात आली. सुसे जर्मनीचं, आपल्या पट्ट्यात विरळा.

तिसरं घराणं म्हणण्यापेक्षा तिसरा स्वभाव म्हणू: स्लॅकवेअर, जेंटू, आर्च. सगळं स्वतः बसवा. जेंटूमध्ये तर प्रोग्रॅम मूळ कोडपासून आपल्याच मशीनवर तयार करायचे. आर्चमध्ये आवृत्ती अशी नसतेच, रोज थोडं थोडं नवं येत राहतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षात आर्च टाकण्याची एक लाट असते. ती येऊ द्यावी, कारण डिस्कचे भाग, बूट लोडर, नेटवर्क हे सगळं त्यात हातानं करावं लागतं आणि ते पुन्हा विसरत नाही. फक्त ते आईच्या मशीनवर टाकू नये. या घराण्यांमधली भांडणंही वाचकाच्या कानावर येतील. मशीन सुरू होताना बाकीचे प्रोग्रॅम उठवणारं सिस्टीमडी हवं की नको यावर डेबियनमध्ये २०१४ च्या सुमारास फूट पडली आणि देवुआन नावाची वेगळी चूल मांडली गेली. बदलापूरच्या घरात बसून यात बाजू घ्यायची गरज नाही, गंमत म्हणून वाचायला हरकत नाही.

घरच्या माणसाला घराण्यापेक्षा डेस्कटॉपचा फरक जास्त जाणवतो. केडीई १९९६ चं, ग्नोम १९९७ चं. २०११ मध्ये ग्नोमनं आपला चेहरा पार बदलला, उबुंटूनं त्याच सुमारास स्वतःचं युनिटी पुढे केलं, आणि खाली डावीकडे मेनू शोधणारे लोक बिथरले. क्लेमां लफेव्हर यांच्या मिंटला खरं बळ तिथे मिळालं. मेनू जागेवर, पट्टी खाली, घड्याळ उजवीकडे. एमएस-सीआयटीच्या वर्गात कम्प्युटर शिकलेल्या पिढीला दुसरं काही सांगावं लागलं नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या एमकेसीएलच्या या अभ्यासक्रमानं महाराष्ट्राला माउस धरायला शिकवलं आणि कम्प्युटर म्हणजे विंडोज हे समीकरणही त्याच वर्गात पक्कं झालं. पहिल्या गोष्टीबद्दल कृतज्ञता बाळगून दुसरीबद्दल बोलता येतं.

मराठीचा मुद्दा नुसता अभिमानाचा नाही. दोन हजारच्या आसपास लिनक्सवर देवनागरी दिसायची, पण जोडाक्षरं फुटायची. ‘आर्य’ कसंबसं जमे, ‘दऱ्या’ लिहिलं की तो आडवा र कुठेतरी गळून पडे. हिंदीला त्याची गरज नाही, त्यामुळे त्याची आठवण बाकीच्यांना उशिरा झाली. २००४ मध्ये रेड हॅटनं लोहित फॉन्ट खुले केले, जे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनं घडवले होते, आणि अक्षरांची मांडणी करणारी यंत्रणाही सुधारत गेली. सी-डॅकच्या नावावर २००७ मध्ये बॉस हे डेबियनवर बेतलेलं भारतीय लिनक्स आलं. सरकारी कार्यालयांसाठी ते होतं, घरात मी फारसं पाहिलं नाही. आज कुठलीही मोठी डिस्ट्रो टाकली की इन्स्क्रिप्ट कीबोर्ड दोन क्लिकवर मिळतो आणि ‘दऱ्या’ नीट उमटतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सवरचे धडेही मराठीत ऐकता येतात. नवख्या वाचकानं पुस्तकाशेजारी तेही उघडून ठेवावेत.

एवढं सांगितल्यावर, कोणी हे टाकू नये तेही प्रस्तावनेतच सांगितलेलं बरं. ज्याचं दुकान टॅलीवर चालतं त्यानं दुकानाच्या मशीनला हात लावू नये. टॅली विंडोजवरचं आहे. वाइन नावाच्या आडवळणानं ते चालवणारे आहेत, पण मार्चअखेरीला आडवळणं नकोत. उल्हासनगरातली डीटीपीची दुकानं पेजमेकर आणि श्री-लिपीवर उभी आहेत. लग्नपत्रिकांच्या वीस वर्षांच्या फायली अशा फॉन्टमध्ये आहेत की युनिकोडमध्ये त्या उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. अंबरनाथच्या एमआयडीसीत ऑटोकॅडवर ड्रॉइंग काढणाऱ्यांचंही तेच. ई-टेंडरला लागणारं डिजिटल सहीचं डोंगल कधी चालतं, कधी नाही. प्रिंटर तर गल्लोगल्लीच्या झेरॉक्सवाल्यांचा खास विषय. एचपीचा लेझरजेट १०२० लिनक्सवर चालतो, पण त्याला दर वेळी चालू करताना फर्मवेअर पुरवावं लागतं आणि त्यासाठी वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. कॅननचा एलबीपी २९०० हट्टी आहे. विकत घेण्याआधी प्रिंटरचं मॉडेल तपासा हा सल्ला सगळी पुस्तकं देतात. आपल्याकडे प्रिंटर आधीच घरात असतो, म्हणून लिनक्स टाकण्याआधी तपासा.

मग हे पुस्तक आत्ताच का? एक कारण तारखेचं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला; घरच्या मशीनला वाढीव मुदत मिळाली ती वर्षभराची. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. आता आपल्या घरांत काय आहे ते बघा. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाल्या, शाळा मोबाइलवर आल्या, आणि पोटमाळ्यावरचे सीपीयू खाली उतरले; नसतील त्यांनी कंपन्यांतून बाहेर पडलेले रिफर्बिश्ड लॅपटॉप घेतले. त्यातले बरेचसे चौथ्या, पाचव्या, सहाव्या पिढीचे. चांगली मशीन आहेत, कीबोर्ड तर आजच्यांपेक्षा सरस. त्यांना विंडोज ११ रीतसर घेत नाही आणि भंगारात द्यावं अशीही ती नाहीत. लिनक्सचा छंद आता नुसता छंद राहिलेला नाही, तो या मशीनवर येऊन टेकला आहे.

या ठिकाणी एक भ्रम काढून टाकतो. ‘जुन्या मशीनला हलकं लिनक्स’ हे अर्धसत्य आहे. पपी लिनक्स अगदी थोड्या मेमरीत उठतं, खरं आहे. पण उठल्यावर आपण उघडतो ब्राउझर, आणि ब्राउझरमधलं बँकेचं किंवा शाळेचं पान हलकं नसतं. दोन जीबी रॅमवर कुठलीही डिस्ट्रो टाका, चौथ्या टॅबला ती धापा टाकणार. रॅम आठ जीबी केली आणि फिरत्या हार्ड डिस्कच्या जागी छोटी एसएसडी बसवली तर जो फरक पडतो तो कुठल्याही डिस्ट्रोच्या बदलानं पडत नाही. आणि प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर वाट जवळपास संपली: उबुंटूनं त्याच्या डेस्कटॉप चकत्या १७.१० पासून काढणं थांबवलं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्या मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही.

प्रत्यक्ष टाकण्याचं काम अर्ध्या तासाचं. वेळ जातो तो आधीच्या अर्ध्या दिवसात, आणि पुस्तकाचा भर तिथेच आहे. बदलापूरच्या पावसाळ्यात महिनाभर बंद राहिलेलं मशीन चालू केलं की नुसतं बीप करतं. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरनं पुसायच्या आणि परत बसवायची. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल मेलेला असेल तर घड्याळ दर वेळी कुठल्यातरी जुन्या साली जातं; मग ब्राउझर सुरक्षित साइट उघडायला नकार देतो आणि नवखा म्हणतो लिनक्समध्ये नेट चालत नाही. सेल बदलला की चालतं. दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवल्या तर घड्याळाचा दुसरा घोळ निघतो: मदरबोर्डवरची वेळ स्थानिक आहे असं विंडोज धरतं, ती ग्रीनिचची आहे असं लिनक्स धरतं, आणि एकातून दुसऱ्यात गेलं की घड्याळ साडेपाच तास सरकतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा दिसला की सेल नव्हे, हेच कारण. एका आज्ञेनं ते मिटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डी ड्राइव्ह. आपल्याकडच्या असेंबल्ड मशीनमध्ये डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देण्याची रीत आहे. सी दुकानदाराचं, त्यात तो विंडोज मारतो, डी घरचं. मुंजीचे फोटो, लग्नाचा व्हिडिओ, सोसायटीचे हिशेब, आजोबांच्या डिस्चार्जच्या कागदांचे स्कॅन, सगळं डीमध्ये. वर्षानुवर्षं दुकानदार सी पुसत आला आणि डी सुरक्षित राहिला, त्यामुळे ‘फॉरमॅट’ म्हणजे फक्त सी जाणार हा विश्वास घरात पक्का बसलेला असतो. लिनक्सचा इन्स्टॉलर ‘पूर्ण डिस्क पुसा’ असं विचारतो तेव्हा त्याच्या दृष्टीनं सी आणि डी असं काही नसतं. तो जे म्हणतो ते तसंच करतो. म्हणून डी आधी बाहेर काढा, दुसऱ्या डिस्कवर, आणि ती डिस्क केबलसकट मशीनपासून वेगळी करून कपाटात ठेवा. मगच पेनड्राइव्ह लावा.

या पुस्तकात डिस्ट्रोंची क्रमवारी नाही. पहिला क्रमांक कुणाचा हे विचारणाऱ्याची इथे निराशा होईल. आम्ही सुरुवात मशीनपासून केली आहे: घरात काय आहे, कोणत्या सालचं, त्यावर कोण बसणार, त्याला काय काय उघडायचं आहे. त्यानंतर आजूबाजूला कोण आहे. निवडीचा आमचा नियम एकच आणि तो तांत्रिक नाही: तुमच्या ओळखीत, चालत जाण्याच्या अंतरावर, जो कोणी लिनक्स वापरतो तो जे वापरतो तेच टाका. मिंट असेल तर मिंट, फेडोरा असेल तर फेडोरा. दोन्ही चांगली आहेत. फरक एवढाच की रविवारी संध्याकाळी वायफाय गेलं तर एकाचं उत्तर शेजारच्या विंगमध्ये मिळतं आणि दुसऱ्याचं शोधत बसावं लागतं. ओळखीत कुणीच नसेल तर मिंट, आणि दोन वर्षांनी कंटाळा आला तर डेबियन. एकेकाळी मासिकाची चकती ज्या घरातून ज्या घरात गेली तिथेच लिनक्स टिकलं, आज चकतीच्या जागी पेनड्राइव्ह आहे. जिओ आल्यापासून डाउनलोड हा प्रश्न उरला नाही. बोलावल्यावर येणारा माणूस हा अजून प्रश्न आहे.

पुस्तकात दुकानात आणि घरात जे शब्द चालतात तेच ठेवले आहेत. कॅबिनेटला सीपीयू म्हणणं चूक आहे हे लिहिणाऱ्यांना ठाऊक आहे, वाचणाऱ्यांपैकीही अनेकांना असेल. तरी ‘सीपीयू उघडा’ असंच लिहिलं आहे. आज्ञा जिथे टाळता येतील तिथे टाळल्या आहेत, जिथे नाही तिथे त्या काय करतात ते आधी सांगितलं आहे. सगळी उदाहरणं ६४ बिटच्या मशीनवरची आहेत आणि ती मिंट, डेबियन व फेडोरा या तिघांवरच दिली आहेत. आर्चवाल्यांना पुस्तकाची गरज नसते, ते स्वतःच सांगतात. वाचकानं सलग वाचायचं कारण नाही. मशीन समोर ठेवावं, आधी प्रिंटरचं मॉडेल आणि प्रोसेसरची पिढी एका कागदावर लिहावी, आणि त्या कागदाप्रमाणे आपलं प्रकरण काढावं.